दोन कुलपांचं दार

जळगावच्या बाजारात रस्त्याच्या कडेला लाल घागरींचे ढीग दिसायला लागले की मी आखाजीची यादी काढते. घागर, तिच्यावर ठेवायचं लहान मडकं, डांगर, आंबे, चण्याची डाळ, गूळ, वाळा. डांगर म्हणजे इतरांचं खरबूज. आमच्या खानदेशात ते डांगरच, आणि अक्षय्य तृतीया ही आखाजीच. परवा यादी फ्रिजवर लावली तेव्हा नवऱ्याने चष्मा कपाळावर चढवून ती वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“मशीनचं तेल? आखाजीला?”

“लागतं,” मी म्हटलं.

“पापड तळणार आहेस त्यात?”

मी हसून ओट्याकडे वळले. खिडकीबाहेर कडुनिंबाचा मोहोर गळत होता, त्याचा कडू-गोड वास स्वयंपाकघरात येत होता आणि त्या वासाबरोबर गेल्या वर्षीचा उन्हाळा आत आला. ओट्यापाशी उभ्या उभ्याच मी त्या उन्हाळ्यात गेले.

मी एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नट, बोल्ट, रबरी वायसर, पाइपांचे जोड, सगळं आपापल्या जागी आणि प्रत्येक कपाटाला कुलूप. चाव्यांचा जुडगा इतकी वर्षं हातात आहे की बोटांनाच चाव्या ओळखू येतात, बघावं लागत नाही. फोटो काढायचा नाद मात्र उशिरा लागला, मुलगी नोकरीसाठी बाहेर गेल्यावर. आमचा हौशी लोकांचा एक गट आहे. त्यात दातांचे डॉक्टर आहेत, एक सराफ आहेत, दोन निवृत्त मास्तर आहेत. गेल्या वर्षी प्रदर्शनासाठी विषय ठरायचा होता. कुणी पक्षी म्हणालं, कुणी केळीच्या बागा. केळीच्या बागा ऐकून सगळ्यांनाच जांभई आली. शेवटी सराफांनी सुचवलं, कुलूप. लोक हसले. मी हसले नाही. मी तिथेच पर्समधून पेन काढून यादी करायला घेतली.

दुकानाचं कुलूप. देवळाचं. ट्रंकेचं. सुटीतल्या शाळेचं. शेतातल्या पंपाच्या पेटीचं. जिनिंगच्या फाटकाचं, कारण कापसाचा हंगाम संपल्यावर ते फाटक झोपलेल्या हत्तीसारखं दिसतं.

उन्हाळ्यातली दुपार ही कुलपांचीच वेळ. खानदेशात त्या वेळी रस्त्यावर माणूस नसतो. ऊन इतकं पांढरं असतं की रंग मिटून जातात, निळं दार आणि हिरवं दार एकसारखंच दिसतं. दूरच्या डांबरावर पाणी साचल्यासारखं चमकत राहतं आणि आपण पोचलो की पुढे सरकतं. अशा दुपारी मी स्कूटर लावून गल्लीत शिरायचे आणि दारोदारची कुलपं बघत हिंडायचे. कुलूप पाहुण्यासारखं नसतं, घाई करत नाही. कुणी आलं तरी डोळे उघडत नाही. त्याच्या सावलीत एक मुंगी बसलेली असते. पितळेच्या कडेवर उन्हाचा एवढासा ठिपका असतो आणि तो ठिपका सरकेपर्यंत आपण उभं राहायचं. मला असं उभं राहायची सवय नाही. मी पोळ्या करतानाही दुसऱ्या हाताने काहीतरी करत असते. पण त्या दुपारी कसलीच घाई वाटायची नाही. कुणीतरी घड्याळ काढून घ्यावं तसं वाटायचं.

शेतातल्या पंपाच्या पेटीवरच्या कुलपाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा पदरासारखा बांधलेला असतो, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. तो तुकडा उचलला की आत कुलूप ओलसर, काळं, घाबरलेल्या डोळ्यासारखं. पाचोऱ्याच्या स्टेशनवर एक बाई आपल्या ट्रंकेला साखळी घालून ती बाकाच्या पायाला बांधून झोपली होती. कुलूप तिने मुठीत धरलं होतं आणि मूठ गालाखाली. तो फोटो मी काढला नाही. झोपलेल्या माणसाचा काढू नये, एवढं मला कळतं. पण ती मूठ माझ्याकडे आहे.

धुळ्याच्या एका गल्लीत धान्याचं दुकान आहे, राजस्थानातून आलेल्या कुटुंबाचं. तिथले शेठजी संध्याकाळी शटर ओढतात, कुलूप लावतात, एकदा ओढून बघतात, नमस्कार करतात, चार पावलं जातात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघतात. मी फोटोची परवानगी मागितली तर म्हणाले, “माझा काढू नका ताई, कुलपाचा काढा. ते गोरं दिसतं.”

“दोनदा का ओढता?”

“पहिल्यांदा दुकानासाठी. दुसऱ्यांदा माझ्यासाठी. आता लावलेलं कुलूप लावलं की नाही, हे रात्री अंथरुणात मला कोण सांगणार?”

त्यांच्या मागे उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, “मी सांगतो ना रोज.”

“तू सांगतोस म्हणून तर जास्त काळजी वाटते,” शेठजी म्हणाले.

शिरपूरच्या पुढे, जिथे जमीन उचलून सातपुडा व्हायला लागते, तिथल्या एका पाड्यावर गेले होते. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं नुकतीच परतत होती. एका कुडाच्या घराला कुलूपच नव्हतं. दाराची झापड आणि खांब यांच्यात सुती दोरीची एक गाठ. घरची बाई डोक्यावरचं बोचकं उतरवून त्या गाठीसमोर बसली आणि दातांनी ती सोडवायला लागली.

“दोरी तर कुणीही सोडेल,” मी म्हटलं.

तिने गाठ दातात धरूनच माझ्याकडे पाहिलं, मग सोडली आणि म्हणाली, “सोडेल. पण परत अशी बांधणार नाही. मला कळलं असतं.”

मग तिने कॅमेऱ्याकडे बोट करून विचारलं, “आणि तुमच्या घराला?”

“आमच्या घराला कुलूप आहे,” मी म्हटलं. जळगावच्या घराबद्दल बोलत होते. पण बोलता बोलता डोळ्यांपुढे आलं ते दुसरंच दार.

ते दार माझ्या यादीत नव्हतं. पारोळ्याच्या पुढे आत गेलं की आमचं गाव. तिथे माझ्या माहेरचं घर आहे, मातीच्या भिंतींचं, वर धाबं, म्हणजे मातीचंच सपाट छत. साधंच आहे, दोन खोल्या आणि मागे पडवी. उन्हाळ्यात मात्र त्या घरासारखा गारवा कुठल्याही कूलरला देता येणार नाही. त्या दाराला दोन कुलपं होती. वरच्या कोयंड्याला पितळेचं, ते माझ्या मोठ्या भावाचं. खालच्या कोयंड्याला स्टीलचं, ते धाकट्याचं.

मोठ्याला आम्ही भाऊ म्हणतो. धुळ्याला शाळेत मास्तर होता, आता निवृत्त. धाकटा संजू गावातच शेती करतो आणि मळ्यात बांधलेल्या घरात राहतो. वडील, म्हणजे आबा, गेले आणि त्यांच्या वर्षश्राद्धाला भाऊ म्हणाला, हे घर पाडून इथे स्लॅबचं बांधू. संजू म्हणाला, मी जिवंत आहे तोवर ही माती इथेच राहील. शब्दाला शब्द लागला. त्या संध्याकाळी भाऊ धुळ्याला निघाला आणि दाराला कुलूप घालून गेला. दुसऱ्या दिवशी संजूने खालच्या कोयंड्याला आपलं घातलं. तेव्हापासून एकट्या कुणालाच आत जाता येईना. तीन आखाज्या तशा गेल्या.

आखाजी म्हणजे आमच्याकडे सासरी गेलेल्या मुलींनी माहेरी यायचा सण. कडुनिंबाला झोके बांधले जातात, बायकांच्या गाण्यांनी दुपार हलते, पुरुष पारावर उघडपणे पत्ते खेळतात, त्या दिवशी त्यांना कुणी काही म्हणत नाही. त्या तिन्ही वर्षी मला दोघांचे फोन आले. भाऊ म्हणायचा, धुळ्याला ये. संजू म्हणायचा, मयामा ये, मळ्यात ये. एकाकडे गेले की दुसरा दुखावणार. मग मी आजारी पडायचे किंवा कारखान्यात तपासणी असायची. दोघांनी बोलावलं म्हणजे कुणीच बोलावलं नाही, असं व्हायचं. जळगावच्या घरात घागर भरायची, पुरणपोळी करायची, आणि दुपारी पंख्याखाली पडून विचार करायचा, आता आपल्याला माहेर आहे की नाही.

आखाजीच्या सकाळची एक गोष्ट मात्र कुलपांना थांबवता आली नाही. त्या दिवशी घरातला कर्ता पुरुष उंबरठा धुतो, पुसतो आणि कुंकवात बोट बुडवून घरातल्या गेलेल्या माणसांचं एकेक नाव घेत उंबरठ्यावर एकेक बोट उमटवतो. आबा हे करायचे तेव्हा मी आणि आई मागे खापरावर पुरणपोळ्या करत असायचो. त्यामुळे ती नावं माझ्या कानावर नेहमी धुरातूनच आली, तुटक तुटक, पोळी उलटण्याच्या आवाजात अर्धी बुडालेली. संजू लहान होता, तो झोक्यावर असायचा. आबांच्या शेजारी बसायचा तो भाऊ. नावं त्याच्याकडे गेली.

घागर नव्या घरात भरता येते. उंबरठा मात्र तोच लागतो. आबा म्हणायचे, पितर पत्ता बदलत नाहीत. आणि उंबरठा कुलपाच्या बाहेर असतो.

म्हणून पहिल्या वर्षी भाऊ धुळ्याहून पहाटेच्या गाडीने आला, दार न उघडता उंबरठ्यावर बोटं उमटवली आणि निघून गेला. थोड्या वेळाने संजू आला. त्याने भाऊची ओळ पाहिली. पुसली नाही. तिच्याखाली आपली वेगळी ओळ काढली. समोर राहणारी कमलअक्का, जिचं शिवणकाम चालतं आणि जिच्या मशीनवरून अख्खी गल्ली दिसते, तिने मला त्याचा फोटो पाठवला. वर दोन कुलपं, खाली कुंकवाच्या दोन ओळी. एकाच घरातले तेच मेलेले, दोनदा मोजलेले.

आणि संजूच्या ओळीत एक बोट कमी.

ते का, हे मला माहीत होतं. आखाजीच्या आधी संजूचा मला फोन यायचा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो हळूच विचारायचा, “ताई, आबांच्या आजाचं नाव काय गं?”

“मला आठवत नाही रे. भाऊला विचार.”

“जाऊ दे मंग,” तो म्हणायचा, आणि पुन्हा पिकापाण्याकडे वळायचा.

इतक्या याद्या करणारी मी, आणि नेमकं तेच माझ्याकडे नव्हतं. भाऊला विचारून मीच संजूला सांगू शकले असते. एकदा फोन हातातही घेतला होता. पण मग वाटलं, ते एक नाव दोघांच्या मधे आहे तोवर संजूला भाऊची गरज आहे. ते मी पोचवलं तर तेवढीही उरणार नाही.

गेल्या वर्षी आखाजीच्या सकाळी मी कॅमेरा घेतला आणि जळगावहून एरंडोलमार्गे पारोळ्याची गाडी पकडली. नवऱ्याला सांगितलं, प्रदर्शनाला एक कुलूप कमी पडतंय. खरं म्हणजे प्रदर्शनाचे फोटो केव्हाच देऊन झाले होते. त्या पाड्यावरच्या बाईचा प्रश्न काही पाठ सोडत नव्हता.

गावात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. झोक्यांच्या दोऱ्या करकरत होत्या. कुठल्या तरी घरातून पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास येत होता आणि त्या वासाने मला एकदम लहान केलं, इतकं लहान की कुलपापर्यंत हात पोचणार नाही. दारासमोर उभी राहिले. पितळेचं कुलूप काळवंडलं होतं. स्टीलच्या कुलपावर गंजाचे ठिपके होते. मी हात लावायला गेले आणि चटका बसला. आई अशा उन्हात कुलूप पदराने धरायची. मी ओढणीने धरलं. आत काहीच हललं नाही.

मग खाली बसले. कॅमेरा उंबरठ्यापाशी नेला. वरची ओळ बारीक, नीटस, सारख्या अंतरावर. भाऊ फळ्यावर लिहायचा तशीच. खालची ओळ जाड, फिसकटलेली, शेतात काम करणाऱ्या बोटाची. मी दोन्ही ओळी पाहिल्या, परत पाहिल्या. दोन्हींतली बोटं सारखीच भरत होती. या वर्षी संजूचं बोट कमी नव्हतं.

“ताई, तू कव्हय उनी?” कमलअक्का गळ्यात टेप घेऊन बाहेर आली. “सांगनं बी नही. भाऊ सकायम्हाच ई गया. संजू आत्ते गया मयामा.” म्हणजे भाऊ सकाळीच येऊन गेला होता आणि संजू आत्ताच मळ्यात गेला होता.

“अक्का, संजूला नाव कुणी सांगितलं?”

“कसानं नाव?”

“त्याची ओळ पूर्ण आहे.”

कमलअक्का माझ्याजवळ बसली. तिचा चेहरा नेहमी कुणाची तरी थट्टा करायला निघालेला असतो. तो त्या वेळी तसा नव्हता. “नाव कोणी सांगं नही त्याले,” ती म्हणाली. “बठ्ठा नावं लिधात त्यानी. मंग थांबी गया. बोट कुंकूमा, अन तसाच बठेल. मी म्हनं, काय व्हयनं रे? तं बोट लाया अन बोलना, ज्यानं नाव भाऊले माहीत शे, त्येले हाई.”

बाकी सगळी नावं घेऊन झाल्यावर, शेवटचं बोट टेकवताना संजू म्हणाला होता, ज्याचं नाव भाऊला माहीत आहे, त्याला हे.

गल्लीत त्या वेळी कुणी तरी झोका जोरात घेतला असावा, मुली ओरडल्या. मी उंबरठ्यावरच्या त्या शेवटच्या जाड बोटाकडे बघत होते. मग फोन काढला.

“भाऊ, कुठे आहेस?”

“पारोळ्याला, स्टँडवर. रस पितोय. तू?”

“आपल्या दारात.”

त्याच्या मागे कंडक्टर धुळे, धुळे असं ओरडत होता. कमलअक्काने सांगितलेलं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं, तिच्याच बोलीत, कारण माझ्या शहरी मराठीत त्याचं काहीतरी कमी झालं असतं. पलीकडे रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते.

“शोभा,” भाऊ म्हणाला, “गाडी लागली.”

आणि फोन ठेवला.

मी ओट्यावर बसून राहिले. मनात म्हटलं, संपलं. कमलअक्काने मधल्या काळात संजूला फोन करून टाकला होता, तुन्ही बहीण दारशी बठेल शे म्हणून. तो मोटारसायकल दामटत आला. मला बघून हसला, दाराकडे बघून हसू आवरलं. “ताई, आठे उन्हमा काय बठनी? मयामा चाल. तुन्ही भावजयनी मांडे करात.” मी म्हटलं, थांब थोडं. का थांबायचं ते मलाही माहीत नव्हतं.

धुळीतून काळीपिवळी जीप आली आणि आमच्या दारापुढे थांबली. त्यातून भाऊ उतरला. हातात रसाची पिशवी होती, प्लास्टिकची, गाठ मारलेली. माणूस दोन घोट पिऊन तसाच उठला तर उरलेला रस बांधून घेतो, असा आमचा भाऊ.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. भाऊ सरळ उंबरठ्यापाशी गेला, धोतराचा सोगा सांभाळत खाली बसला. उंबरठ्याजवळ संजूने सकाळी ठेवलेली कुंकवाची वाटी तशीच होती. भाऊने तिला हात लावला नाही. संजूच्या ओळीतल्या शेवटच्या, त्या फिसकटलेल्या ठिपक्यावर त्याने आपलं बोट अलगद टेकवलं.

“उखर्डू,” तो म्हणाला.

“काय?” संजू म्हणाला.

“उखर्डू. आबांच्या आजाचं नाव. त्यांच्या आधीची लेकरं जगत नव्हती. म्हणून जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून मग घरात आणलं. नजर लागू नये म्हणून नावही तसंच.”

संजू त्याच्या शेजारी बसला. “उखर्डू बाबा,” तो हळू म्हणाला. मग आणखी एकदा, मोठ्याने, म्हणजे ज्याला हाक मारायची त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

“आते दार उघडतस का मी चहा आठेच आनू?” कमलअक्का म्हणाली.

भाऊने खिशातून जुडगा काढला. धुळ्याच्या घराच्या चाव्यांमध्ये पितळेची एक चावी होती. संजूने मोटारसायकलची किल्ली काढली. तिच्याच कडीत एक बारीक स्टीलची चावी. तीन वर्षं दोघंही ती चावी रोज खिशात घेऊन फिरत होते. त्या चाव्यांकडे मी बघितलं आणि दोघांनीही माझ्याकडे बघायचं टाळलं.

चाव्या आत गेल्या, पण फिरेनात. भाऊने जोर लावला. संजू म्हणाला, तुटेल. मघाचं ‘काय?’ सोडलं तर ते त्याचं भाऊशी तीन वर्षांतलं पहिलं वाक्य.

मग मी ताबा घेतला. कुलूप म्हणजे माझ्या नोकरीचा विषय आहे. कमलअक्काकडून मशीनच्या तेलाची कुप्पी आणली, लांब चोचीची, दोन्ही कुलपांच्या तोंडात चार चार थेंब सोडले आणि सांगितलं, “आता कुणीही हात लावायचा नाही. तेल आत मुरू दे.”

“किती वेळ?” भाऊने विचारलं.

“मुरेपर्यंत.”

“त्या कुलूपले बी राग शे,” कमलअक्का म्हणाली. “इतला लवकर नही जावाव.”

तर आम्ही तिघं ओट्यावर बसलो. करण्यासारखं काहीच नव्हतं. सावली हातभर होती, म्हणून खांद्याला खांदा लावूनच बसावं लागलं. मी मधे. भाऊने रसाची पिशवी पुढे केली. संजूने ती दाताने फोडली आणि आळीपाळीने आम्ही प्यायलो. समोर ऊन थरथरत होतं. त्या थरथरीत गल्ली पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती, झोक्यावरच्या मुली तरंगत वर जायच्या, तरंगत खाली यायच्या. मला क्षणभर खरंच कळेना, आम्ही आत्ताचे आहोत की तेव्हाचे, आणि मागून आईची पोळीसाठी हाक येईल की काय.

“मी ते कुलूप सवयीने लावलं होतं,” भाऊ समोर बघत म्हणाला. “निघताना दार ओढायचं, कुलूप घालायचं, चावी खिशात. शाळेत आयुष्यभर तेच केलं. धुळ्याला पोचल्यावर लक्षात आलं.”

संजूने मान वळवली. “मंग तव्हयच सांगता नही उनं का? मी गावमा ऱ्हास अन दारले कुलूप भाऊनं. मन्हा मनमा उनं, माले चोर समजस.”

“सांगणार होतो. तोवर तू दुसरं लावलंस.”

“तू सांगं नही म्हनीसन लायं.”

“तू लावलंस म्हणून सांगितलं नाही.”

मग संजू हसला. आधी नाकातून, मग पोटातून. भाऊ हसत नव्हता, पण त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागून होता आणि तो हलत होता. घर पाडायचं की ठेवायचं, यावर त्या दिवशी कुणी बोललं नाही. त्यावर ते अजूनही भांडतात. फक्त आता समोरासमोर बसून भांडतात.

संजूचं कुलूप आधी उघडलं. भाऊचं पितळेचं अडून बसलं. भाऊ ओशाळला. आणखी तेल घातलं, आणखी बसलो, कमलअक्काचा चहा झाला. आणि मग चावी फिरली, आतून एक मऊ आवाज आला, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसा.

दार ढकललं. आतला तीन वर्षांचा गार अंधार आमच्या चेहऱ्यावर आला. माती, जुनं धान्य, कुठेतरी राहून गेलेला कापूर. भाऊने पाय पुढे टाकला आणि तसाच मागे घेतला. उंबरठ्यावर कुंकवाच्या दोन ओळी होत्या. लहानपणी आबा आखाजीच्या दिवशी दारात उभं राहून ओरडायचे, पाय उचला, पाय उचला, त्यांच्या अंगावरून जाऊ नका. त्या दिवशी ओरडायला कुणी नव्हतं. साठी ओलांडलेला भाऊ, त्याच्यामागे मी, माझ्यामागे संजू, आम्ही तिघांनी ओढा ओलांडतात तसा पाय उंच उचलला आणि आत गेलो.

कॅमेरा बाहेर ओट्यावरच राहिला. प्रदर्शनात लोकांना माझी सुती गाठ आवडली. सराफ म्हणाले, पण हे कुलूप नाहीच. मी म्हटलं, जिने बांधली तिला विचारा.

आता त्या दाराला एकच कुलूप आहे, पितळेचं. चावी दोघांकडेही आहे. स्टीलचं कुलूप संजूने मळ्यातल्या पंपाच्या पेटीला लावलं आहे, वर ट्यूबचा पदर बांधून. पितळेचं कुलूप जुनं आहे, उन्हाळ्यात धरतं. म्हणून मशीनचं तेल.

हे सगळं नवऱ्याला सांगायला वेळ नव्हता, कारण फोन वाजला. भाऊ होता. “शोभा, आखाजीला घरी ये,” एवढंच म्हणाला आणि डांगर धुळ्याहून आणू का विचारलं. संध्याकाळी संजूचा आला. “ताई, सकायम्हाच निंघ. घर ये.”

घर म्हणजे कुठलं, हे दोघांनीही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.